चूल घेताय? आधी धुराची वाट बघा

तुमच्या फोनवर ती रील आली असणारच. बाहेर बर्फ पडतोय, आत लाकडी फळ्यांचं इवलंसं घर, कोपऱ्यात बुटक्या पायांची काळीभोर लोखंडी शेगडी, तिच्या काचेच्या दारामागे संथ जाळ आणि शेजारी वाफाळता मग घेऊन बसलेलं कुणीतरी. अमेरिकेतलं ‘टायनी हाऊस’. आपण ती बघतो, सेव्ह करतो आणि ‘भावा, लाइफ असावी तर अशी’ असं लिहून रूममेटला पाठवतो.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांचं गावाकडचं घर त्या रीलमधल्या घराएवढंच आहे? आमचं आहे. भोर तालुक्यात, दोन खणांचं. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, साधारण पाच फूट. म्हणजे लांबी दहा फूट, रुंदी बारा, वर पत्रा. त्यात आजी, आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची छोटी आणि सुट्टीत मी. २०११च्या जनगणनेत देशातली साधारण ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती आणि जवळपास निम्म्या घरांत जळणाच्या लाकडावर स्वयंपाक होत होता. टायनी हाऊसमध्ये आपण रील निघायच्या कितीतरी आधीपासून राहतोय, फक्त आपलं शूटिंग कुणी केलं नाही.

यंदा ‘कमवा आणि शिका’चे किंवा पहिल्या स्टायपेंडचे दोन-अडीच हजार हातात आले आणि घरच्यांसाठी चांगली चूल घ्यावी असं मनात आलं, तर हा लेख वाचून मग घ्या. मी न वाचता, न विचारता घेतली होती. त्याचं काय झालं ते आधी सांगतो.

स्टीलचा डबा आणि तीन भाकऱ्या

तेव्हा मी एसवायला होतो. हॉस्टेलच्या पलंगावर लोळत चुलींचे व्हिडिओ बघितले आणि एक चकाचक स्टीलची, खाली पंखा असलेली चूल ऑर्डर केली. २,३०० रुपये. व्हिडिओत तिची ज्योत जवळजवळ गॅससारखी दिसत होती. दिवाळीला एसटीच्या मांडीवर-पिशव्यांच्या गर्दीत ती सांभाळत घरी नेली. आजीने फिरवून फिरवून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “आरं, ह्यात भाकरी कुठं उभी करायची?”

मला प्रश्नच कळला नव्हता. कारण मी आयुष्यात एकही भाकरी केली नव्हती.

तुम्हीही केली नसेल तर समजून घ्या. भाकरी तव्यावर भाजली जाते, पण फुगते चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करून शेकल्यावर. माझ्या त्या डब्याला तोंडच नव्हतं, सगळं वरून भरायचं. जाळ बरोबर मधोमध यायचा, त्यामुळे भाकरी मध्ये करपायची आणि कडेला कच्ची राहायची. आमचा मोठा लोखंडी तवा तिच्यावर डुगडुगायचा. लाकूड बोटभर लांबीचे तुकडे करून घालायचं होतं. बाभळीच्या ओंडक्याचे बोटभर तुकडे करून बघा एकदा. दादाने तीन दिवस केले आणि चौथ्या दिवशी कोयता माझ्यापुढे ठेवला. पंख्याची बॅटरी चार्ज करायची तर संध्याकाळी नेमके लाइटचे वांधे.

आजीने तिच्यावर तीन भाकऱ्या केल्या, उठली आणि आपल्या जुन्या चुलीपुढे जाऊन बसली. “आधी इचारायचं तरी हुतंस,” एवढंच म्हणाली. होळीपर्यंत त्या डब्यात माती भरून कोथिंबीर पेरली गेली होती.

गंमत म्हणजे चूल वाईट नव्हती. पाणी झटकन उकळायचं आणि धूर खरंच कमी होता. पंख्याच्या चुली लाकडाच्या चुलींमध्ये सगळ्यात स्वच्छ जळणाऱ्यांत मोडतात, हे अगदी खरं आहे. पण अशा चुलींची चाचणी मुख्यतः पाणी उकळून घेतात. किती लाकडात किती पाणी, किती वेळात, असा हिशेब. आमच्या घरात पाणी उकळत नाही असं नाही, पण रोज तीस भाकऱ्या होतात. ती परीक्षा लॅबमध्ये कुणी घेतलेली नव्हती.

माझी फजिती काही नवी नाही म्हणा. लाकडाची चूल सुधारायची धडपड आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारापासूनची आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत तेव्हा धुराड्याचा ‘मगन चुला’ तयार झाला. पुढे १९८०च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम काढला आणि २००२मध्ये तो थांबेपर्यंत देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या, बसवल्या. तुमच्या गावात एखाद्या जुन्या घराच्या कौलांतून सिमेंटच्या पाइपचं टोक अजून डोकावत असेल, तर ते बहुधा तेव्हाचंच. खाली चूल मात्र नसते.

असं का होतं, याचा एक मोठा अभ्यास ओडिशात झाला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या तिघांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षं पाठपुरावा केला. यातल्या डुफ्लो म्हणजे ज्यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या. स्वस्तातली, मातीची, धुराड्याची सुधारित चूल लोकांना दिली. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या पोटात जाणारा धूर कमी झाल्याचं दिसलं, पुढे तो फरक विरून गेला. चुली फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती कुणी केली नाही आणि बायका हळूहळू जुन्या चुलीकडे परतल्या. हे वाचलं तेव्हा मला आमची कोथिंबीर आठवली.

दहा बाय बारात धूर म्हणजे काय

मग दुसऱ्यांदा भानगडीत का पडलो? पुतणीमुळे. गेल्या दिवाळीत ती आठ महिन्यांची होती. तिची झोळी चुलीपासून पाच फुटांवर बांधलेली, कारण घरात दुसरीकडे तुळईच नाही. सकाळी सहाला चूल पेटली की झोळीच्या वर निळसर थर तरंगायचा. आजीचा खोकला आम्ही घरातल्या घड्याळासारखा गृहीत धरला होता. त्या छोटीला पहिल्यांदा खोकताना ऐकलं आणि तो ओळखीचा वाटला.

हिशेब साधा आहे. दहा बाय बारा, सरासरी उंची आठ फूट. साधारण २७ घनमीटर हवा. मोठ्या वाड्याच्या स्वयंपाकघरात जो धूर पांगतो, तोच इथे पांगायला जागा नाही म्हणून माणसांच्या छातीत जाऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषानुसार हवेतल्या सूक्ष्म कणांची (पीएम २.५) दिवसभराची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. उघडी चूल पेटलेल्या बंद खोलीत हा आकडा शेकड्यांत जातो. आणि आपलं स्वयंपाकघर, बैठक, अभ्यासाची जागा आणि झोपायची जागा एकच असते. मी दहावीचा अभ्यास चुलीच्या उजेडात नव्हे, पण चुलीच्या धुरात नक्की केलाय.

धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी निघतं, मग वायू निघतात. ते वायू पुरेशा उष्णतेत आणि पुरेशा हवेत जळले तर ज्योत होते, नाही जळले तर धूर. म्हणून ओलं लाकूड धुमसतं. तुम्ही सायन्सचे असाल तर हे वाक्य आजीला समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका, तिला ते माहीत असतं. तिच्या हातात फुंकणी असते ती त्यासाठीच.

एक गोष्ट मात्र आजीलाही सांगावी लागली. धूर दिसत नाही म्हणजे धोका गेला असं नाही. लालबुंद निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत दारं-खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्या याच वायूमुळे. कुठलीही चूल घ्या, कितीही भारी घ्या, झोपताना घरात निखारा ठेवायचा नाही. छोट्या घरात तर मुळीच नाही.

आधी गॅस, मग चूल

आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर गॅस का नाही? आहे ना. उज्ज्वला योजना मे २०१६मध्ये सुरू झाली, पुढे आमच्याकडेही सिलिंडर आला. लाकडाची कितीही उत्तम चूल गॅसची बरोबरी करत नाही, हे आधीच मान्य करून टाका. तुमच्या अडीच हजारांत घरचे दोन-तीन सिलिंडर जास्त भरले जाणार असतील, तर बिनधास्त ते करा आणि हा लेख इथेच सोडा.

पण अनेक घरांत सिलिंडर असतो आणि तरी चूल पेटते. भाकरीला, डाळीला, अंघोळीच्या पाण्याला. सरपण बांधावरून फुकट मिळतं, सिलिंडरला रोख पैसे लागतात आणि शेतातला पैसा महिन्याला येत नाही. म्हणून गॅस की चूल असा प्रश्न आमच्याकडे नव्हताच. कशाला काय, हा होता.

मी आठ दिवस सरपण मोजलं. मोळीतल्या काटक्या नव्हे, नुसता अंदाज, रोज किती पेंड्या कशाला लागल्या त्याचा. निम्म्याच्या जवळपास सरपण सात जणांच्या अंघोळीच्या पाण्याला जात होतं आणि ते पाणी घरातल्या चुलीवर तापत होतं! हे कळल्यावर पहिला निर्णय बिनखर्चाचा झाला. पाणी बाहेर. न्हाणीच्या भिंतीला, पत्र्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल, पुढे जमलं तर बंब. जुना तांब्याचा बंब हा तसा हुशारीचा नमुना आहे बघा. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी, म्हणजे धुराडंच पाणी तापवतं. चहा आणि फोडणीची भाजी गॅसवर. घरात चुलीवर उरली फक्त भाकरी आणि डाळ. घरातला धूर निम्मा झाला आणि अजून एक रुपया खर्च झाला नव्हता.

उदबत्ती लावून जागा शोधा

आता घरातली चूल. छोट्या घरात चुलीच्या आधी धुराचा रस्ता ठरवायचा. यासाठी एक उदबत्ती पुरते. चूल जिथे ठेवायची तिथे उदबत्ती लावा, दार-खिडकी रोजच्यासारखी ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. आमच्या जुन्या चुलीच्या जागेवरचा धूर वर जाऊन पत्र्याला लागून थेट झोळीकडे वळत होता. समोरच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला लागून लावली तर दाराकडून येणारी हवा त्याला भिंतीवर ढकलत होती. चूल त्या कोपऱ्यात गेली.

सुट्टी, उचलून नेता येणारी लोखंडी चूल घ्यायची की धुराड्याची पक्की, हा पुढचा प्रश्न. तुमच्या घराला पडवी असेल, बाराही महिने स्वयंपाक पडवीत चालत असेल, तर सुट्टी चूल घ्या. साधारण दीड ते तीन हजारांत मिळते. यातला ‘रॉकेट’ प्रकार मला आवडतो. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ही रचना मांडली. आत इंग्रजी एल अक्षरासारखी नळी असते, तिच्याभोवती उष्णता धरून ठेवणारा थर. लाकडाची फक्त टोकं जळतात, वायू आतच जळून जातात. घेताना भारतीय मानकाचा क्रमांक बघा, आयएस १३१५२. या मानकानुसार बिनपंख्याच्या चुलीने लाकडातली किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीने ३५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. उघड्या चुलीत साधारण सातवा-आठवा हिस्साच भांड्याला लागतो, बाकी सगळी खोली तापवते आणि डोळे चुरचुरवते.

पण आमच्यासारखं घर असेल, पडवी नाही, भोरचा पाऊस चार महिने बाहेर बसू देत नाही, तर सुट्टी चूल कितीही चांगली असली तरी तिचा उरलासुरला धूर घरातच राहतो. तिथे धुराडं हवंच. ही गोष्ट त्या रीलमध्येही आहे, नीट बघा. शेगडीच्या मागून एक काळा पाइप छत फोडून वर गेलेला असतो. कॅमेरा मगावर असतो म्हणून दिसत नाही. शिवाय ती शेगडी खोली उबदार करायला असते. आपल्याला पत्र्याखाली वर्षातले आठ महिने ती ऊब नकोच असते, त्यामुळे तसली जाडजूड ओतीव शेगडी इथे आणायचा विचार सोडा.

धुराड्याचं तंत्र सोपं आहे, चुका मात्र सगळे करतात. गरम हवा हलकी, ती वर जाते आणि जाताना खालची ओढते. पाइप जितका सरळ आणि उंच तितकी ओढ चांगली. वरचं टोक घराच्या आढ्यापेक्षा दोन फूट तरी उंच काढा, नाहीतर वाऱ्याची झुळूक आली की धूर उलटा घरात. वर पावसासाठी टोपी. लाकडी वाशापासून पाइप हातभर लांब ठेवा, गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर असेल तर जाणत्या मिस्त्रीशिवाय हात घालू नका. पीव्हीसीचा पाइप वापरायचा नाही, तो वितळतो आणि त्याचा धूर विषारी. जुना सिमेंटचा पाइप मिळाला तर फुकट आहे म्हणून कापत बसू नका, त्यात बहुतेक वेळा अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. साधा लोखंडी पत्र्याचा पाइप घ्या. आणि हो, धुराडं ओढेल तेवढी हवा आत यायलाही पाहिजे. थंडी वाजते म्हणून दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं की धुराडं मुकाट बंद पडतं.

चूल आजीनेच घातली. माती, शेण, भाताचं तूस. मापं मात्र या वेळी आम्ही दोघांनी घेतली. आमचा तवा, डाळीचं पातेलं, दोन्हींचे तळ दोरीने मोजले. भांडं आणि चुलीची कड यांत बोटाच्या जाडीएवढीच फट. जास्त ठेवली तर जाळ बाजूने पळतो, ठेवलीच नाही तर घुसमटतो. मागे वैल, तिथे डाळ आपोआप शिजते, आणि वैलाच्या मागून पाइप. चुलीचं तोंड आजीने ठरवलं, तिची भाकरी उभी राहील एवढं. मला ते मोठं वाटलं, जास्त हवा आत जाऊन जाळ थंडावेल असं मी म्हटलं. तिने पुढे सरकवायला एक पत्र्याचा तुकडा ठेवला. भाकरीच्या वेळी काढायचा, डाळीच्या वेळी लावायचा. इंजिनीअरिंगला असणाऱ्यांनी याला काय म्हणतात ते आपापल्या सरांना विचारावं.

एकूण खर्च १,९०० रुपये. पाइप, टोपी आणि पत्र्याला भोक पाडून फट बुजवणाऱ्या मिस्त्रीची मजुरी धरून.

सगळं झकास झालं असं नाही. धुराडं उष्णताही ओढून नेतं, त्यामुळे सरपण फारसं वाचलं नाही. नव्या चुलीतल्या डाळीला जुनी चव नाही असं बाबा पहिला महिनाभर म्हणत होते. घरात धूर नाही म्हणून डास वाढले, आणि आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना किडे लागले. तो धूर काहीतरी कामही करत होता, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. आता मच्छरदाणी आहे आणि कणसं डब्यात राख घालून ठेवतात. पुतणी चालायला लागल्यावर गरम पाइपला हात लावेल म्हणून दादाने खाली कंबरेएवढी जाळी गुंडाळली. हे आधीच करायला हवं होतं.

सरपणाचं एवढंच सांगतो. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक आवाज आला, टोकांना भेगा असल्या तर वाळलंय. भद्द आवाज आला तर पावसाळ्यानंतर भेटू म्हणा. पऱ्हाट्या, तुराट्या भराभर जळतात, पेटवायला चांगल्या. पेटवायला प्लास्टिकची पिशवी घालायची सवय तुमच्याही घरात असेल, ती मोडा. आमच्याकडे ती मोडायला चुलीपेक्षा जास्त दिवस लागले.

राहिलं पाइप झाडायचं काम. महिन्याभरात आत काजळी आणि चिकट डांबर साचतं, ओढ कमी होते, धूर परत घरात. ओडिशातल्या त्या चुलींचं जे झालं तेच आमच्याही चुलीचं होणार, या भीतीने मी घरी तारखांचा तक्ता लावणार होतो. आजी म्हणाली, तारीख कोण बघतंय, अमावस्येला झाडू. काठीला पोत्याचा बोळा बांधून दादा वरून घालतो, खाली वहिनी घमेलं धरते.

माझ्या फोनवर दर अमावस्येचा रिमाइंडर आहे. परवा तो लेक्चरमध्येच वाजला. बाहेर येऊन घरी फोन लावला, आजीने घेतला. पाइप झाडला का, विचारलं.

“सकाळीच झाडला. तू कवा येतुयास? तुझ्या त्या डब्यातली कोथमीर फुलाला आली.”